उणे एक मिसळ

एक्स निगेटिव्ह असू शकतो ही गोष्ट आमच्या कोल्हापुरात सहसा कुणाला पटत नाही. पटवायला गेलं तर माणसं एक्सची बाजू घेऊन भांडतात. मी तरी वेगळा कशाला असेन? बी. कॉम. झालो, दाढी आली, तरी एक्स शून्याखाली उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. पुढे तो उतरला, आणि उतरताना ताईचं ठरत आलेलं लग्न, आकारामतात्यांचं मिसळीचं हॉटेल आणि अप्पांची गल्लीतली अब्रू एवढं सगळं सोबत घेऊन उतरला.

२००३ साली मी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेसाठी शाहूपुरीत क्लास लावला. खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, वर क्लास. खाली हातोडा पडला की वर फळा हादरायचा आणि प्रसेनजीत सरांनी काढलेल्या वजाच्या चिन्हाचं कधीकधी अधिक व्हायचं. सर शांत माणूस. इंजिनिअर झालेले, पुण्यात शिकवून आलेले. कुणी कितीही येडपटासारखं उत्तर दिलं तरी ते फक्त "बरं" म्हणायचे. त्या "बरं"ला आम्ही जाम टरकून असायचो.

सरांनी पहिल्याच दिवशी डेटा सफिशियन्सी काढली. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं असतात. प्रश्नाचं उत्तर काढायचं नसतं. दिलेली माहिती उत्तराला पुरते का, एवढंच सांगायचं. पहिल्या विधानानं पुरते, की दुसऱ्यानं, की दोन्ही मिळून, की कुठल्याही एकानं, की दोन्ही मिळूनसुद्धा पुरत नाही.

"म्हंजे उत्तर द्यायचं न्हाय?" घरी हे ऐकून अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "आनि फी मात्र द्यायची?"

अप्पांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे माहिती नसताना उत्तर द्यायची रीत आहे. रस्ता विचारणाऱ्या पावण्याला "माहीत नाही" म्हणणं हा आम्ही त्या पावण्याचा अपमान समजतो. त्यापेक्षा चुकीच्या रस्त्यानं का होईना, त्याला सोडायला जातो.

तर सरांनी फळ्यावर लिहिलं, 'एक्सचा वर्ग एक्सपेक्षा मोठा आहे का?' विधानं लिहायला ते खडू उचलतायत तोवर अख्खा वर्ग ओरडला, "हाय!"

"विधानं अजून दिलेली नाहीत," सर म्हणाले.

"नसू देत की सर. मोठा हाय म्हंजे हाय."

"बरं. एक्सच्या जागी काय धरलंत?"

कुणी दोन धरला होता, कुणी पाच. मागच्या बाकावरच्या एकानं दहा हजार धरला होता. त्याचं म्हणणं, आपल्याच मनानं धरायचाय तर कमी कशाला धरायचा.

"अर्धा कुणी धरला?" सरांनी विचारलं.

खाली हातोडासुद्धा थांबला.

"अर्ध्याचा वर्ग पाव. पाव अर्ध्यापेक्षा लहान. उत्तर 'नाही' येतं."

"सर, वर्ग झाल्यावर बारीक कसा हुईल?" दहा हजारवाला कळवळून म्हणाला. "तालमीत जाऊन कोन वाळतंय व्हय?"

"आणि उणे एक कुणी धरला?"

"उणे कशापायी सर? एक्सनं काय केलंय कुनाचं?"

सर "बरं" म्हणाले. मग त्यांनी दोन विधानं लिहिली. एक, एक्स शून्यापेक्षा मोठा आहे. दोन, एक्स एकापेक्षा लहान आहे. "सोडवत बसू नका," ते म्हणाले. "संख्या घालून बघा. नुसत्या पहिल्यात दोन बसतो, उत्तर हो. अर्धाही बसतो, उत्तर नाही. दोन तोंडं झाली, म्हणजे माहिती अपुरी. नुसत्या दुसऱ्यात अर्धा घाला, नाही. उणे एक घाला, त्याचा वर्ग एक, म्हणजे हो. पुन्हा अपुरी. आता दोन्ही विधानं एकत्र धरा. शून्य आणि एकाच्या मधलीच मंडळी उरली. त्यांतलं कुणीही घाला, उत्तर नाहीच. म्हणजे माहिती पुरली."

"उत्तर न्हाय आलं तर पुरली कशी?"

"ठाम नाही हेसुद्धा उत्तरच आहे. अपुरी कधी? कधी हो, कधी नाही, तेव्हा."

हे वाक्य मी घरी येऊन सहज ताईला सांगितलं. ती हातातलं काम थांबवून म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं.

ताई म्हणजे स्वप्नाली, माझी थोरली बहीण. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. छापखाना बहुतकरून लग्नपत्रिकांचा. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नातल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या लग्नाबद्दल काही कळलं का, हे न विचारता चपला काढायच्या. कारण आमच्याकडे आलेलं प्रत्येक स्थळ जाताना एकच शब्द ठेवून जायचं. "कळवतो."

या शब्दावर खरं तर स्वतंत्र ग्रंथ व्हायला पाहिजे. नकाराला आमच्यात फार वाईट समजतात, म्हणून कुणी तो देत नाही. नेसरीच्या एका स्थळानं "कळवतो" म्हणून निरोप घेतला होता. त्या मुलाचं पुढं दुसरीकडं लग्न झालं, त्याचं पोरगं बालवाडीत जायला लागलं, तरी त्यांनी कळवलेलं नाही. अप्पा अजून ते स्थळ हातातलं धरतात.

आताचं स्थळ पन्हाळ्याचं होतं. मुलगा जयसिंग, तिथल्या तालुक्याच्या कचेरीत क्लार्क. बघण्याच्या कार्यक्रमात त्यानं ताईला विचारलं, "तुम्हाला काय विचारायचंय का?" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ताईची तयारी नव्हती. तिनं आलं ते विचारलं. "धुक्यात तुमच्याकडं रस्ता कसा सापडतो?" तो म्हणाला, "सापडत न्हाई. थांबतो." ताई नंतर मला म्हणाली, "न्हाई सापडत तर न्हाई म्हणाला बघ." तेवढ्यावर तिला तो पसंत पडला. पण उठताना त्याचे वडील म्हणाले, "आमच्यात हंबीरमामाच्या शब्दाभाईर काय हुईत न्हाय. मामा चौकशी करत्याल. मग कळवतो." हे मामा कार्यक्रमाला आलेले नव्हते. मोठी माणसं पहिल्या फेरीत येत नाहीत.

असे आम्ही सगळे त्या शब्दाखाली बसलेलो असताना सरांनी गृहपाठ दिला.

"तुम्हाला या संख्या सुचत नाहीत, कारण त्या तुमच्या ओळखीच्या नाहीत," सर म्हणाले. "शून्य, एक, अर्धा, उणे एक, उणे अर्धा. हे पाच पावणे समजा. पुढच्या तासाच्या आत पाचही जणांना प्रत्यक्ष भेटून या."

सरांना म्हणे थर्मामीटर आणि तळघराचे जिने असलं काहीतरी अपेक्षित होतं. तसं त्यांनी नंतर सांगितलं. नंतर सांगून काय उपयोग? आमच्या गल्लीत तळघर नाही. आमच्या गल्लीत मोजता येण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे आकारामतात्यांची मिसळ.

एक सोपा होता. एक प्लेट मिसळ मागितली, खाल्ली, घरी आलो. एक ही अत्यंत सालस संख्या आहे. तिच्यापासून कुणालाही त्रास नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा.

"तात्या, हाफ मिसळ द्या."

तात्यांची पळी कटाच्या पातेल्यावर तशीच थांबली. लाल थेंब टपकत राहिले.

"काय द्या?"

"हाफ."

"पोट बिघाडलंय?"

"नाही."

"घरात कोन गेलंय?"

"कुणी नाही तात्या. मला अर्धी पाहिजे."

"मग पुरी घे आनि अर्धी टाक. टाकल्याली चालंल. हाफ न्हाय मिळायची. माझ्या बापानं कधी दिली न्हाय." तात्यांनी कोपऱ्यातल्या एका गिऱ्हाइकाकडं बघितलं. "ऐकलासा पावणं? हाफ मागतंय!"

कोपऱ्यात डोक्याला फेटा आणि तोंडावर मिशी असलेले एक प्रचंड गृहस्थ बसले होते. पुढ्यात मिसळीची प्लेट लहान मुलाच्या भातुकलीसारखी दिसत होती. त्यांनी माझ्याकडं आपादमस्तक बघितलं. "बघतोय की," ते म्हणाले.

शेवटी तात्यांनी पुरी प्लेट भरली, डोळे मिटले, त्यातली अर्धी काढली आणि त्या पावण्यांच्या प्लेटीत ओतली. उरलेली माझ्यापुढं आपटली. मी खाईपर्यंत हॉटेलात कुणी कुणाशी बोललं नाही. दहाव्याला जेवतानासुद्धा माणसं थोडं बोलतात.

मी घरी पोचायच्या आधी हाफ घरी पोचला होता. शेजारच्या अंबूमावशी पातेलंभर आमटी घेऊन दारात उभ्या. "अशी येळ कुनावर येऊ न्हाय," त्या आईला म्हणत होत्या. "पोराला हाफ खावा लागतंय. भावजींच्या नोकरीचं काय झालं म्हनायचं?"

भावजींच्या, म्हणजे अप्पांच्या, नोकरीचं काहीच झालं नव्हतं. ते नोकरीवरूनच आत्ता घरी येऊन पाय धूत होते. पण माणूस पाय धुताना फार केविलवाणा दिसतो, त्यामुळे मावशींची खात्री पटली. मागोमाग समोरचे जोतीरामकाका आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून सल्ला सोडत असतात, मागणी असो नसो. "गणपतराव, काय बी करा, पन स्कूटर इकू नका," ते अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "नुसती झाकून ठिवा. झाकल्याली गाडी लोकास्नी लई मोठी वाटती."

अप्पांनी मला आत बोलावलं. मी गृहपाठ समजावून सांगितला. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला उरलेली आमटी एकट्यानं संपवायला लावली. आमटी पूर्णांकात होती.

शून्याला धोका नाही असं मला वाटलं होतं. काहीच करायचं नाही, त्यात बिघडणार काय? मी तात्यांकडं गेलो, बाकावर बसलो, पाणी प्यालो.

"आज काय, चिमूटभर आनू?" तात्या.

"काही नको. शून्य."

"मग आलास कशाला?"

"शून्य खायला."

कोपऱ्यातले पावणे आजही होते. त्यांनी पाव कटात बुडवला तो बुडवलेलाच राहिला आणि विरघळून गेला. मी सावकाश उठलो, तात्यांना रीतसर "येतो" म्हणालो आणि निघालो. संध्याकाळी अंबूमावशींनी माझ्यावरून मिरच्या-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मिरच्यांचा ठसका येत नाही, म्हणजे नजर कडक आहे, असा त्यांनी निकाल दिला. ठसका येत नव्हता, कारण त्यांची चूलच पेटली नव्हती. पण हे विधान कुणी विचारात घेतलं नाही.

आता उणे एक. याच्यावर मी बराच विचार केला. तात्या मला एक प्लेट देतात तेव्हा अधिक एक होतो. म्हणजे मी तात्यांना एक प्लेट दिली तर उणे एक. गणितात हे इतकं स्वच्छ बसलं की मला स्वतःचा अभिमान वाटला.

मी आईला खरं ते सांगितलं. "आकारामतात्यांना मिसळ खायला घालायचीय."

आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. एरवी तिनं विचारलं असतं, का म्हणून. पण तात्यांच्या मिसळीबद्दल तिचं लग्न होऊन या गल्लीत आल्यापासूनचं एक मत होतं आणि ते ऐकायला आजवर कुणाला वेळ झालेला नव्हता. "त्याच्या कटात खोबरंच भाजलेलं नसतंय," एवढं बोलून तिनं पदर खोचला. मग घरभर जो खकाणा उठला त्यानं समोरचे जोतीरामकाका शिंकत बाहेर आले आणि त्यांनी स्वतःच्या स्कूटरवर कापड टाकलं.

मी डबा घेऊन हॉटेलात शिरलो. गर्दीची वेळ होती.

"तात्या, बसा. खावा."

"काय हाय?"

"मिसळ."

तात्यांनी पळी खाली ठेवली. "माझ्या हाटेलात? मला?"

"हो. उणे एक आहे."

"कोनी केली?"

"आईनं."

कोल्हापुरात काय वाटेल ते खपवून घेतात, पण मिसळवाल्याच्या हॉटेलात बाहेरची मिसळ आणणं म्हणजे तालमीत जाऊन वस्तादाला डाव शिकवण्यापैकी आहे. माणसं खाता खाता उठून भिंतीला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातले पावणे उभे राहिले. त्यांना उभं राहायला थोडा वेळ लागला, कारण माणूस बराच होता.

"आन हिकडं," ते म्हणाले. त्यांनी डब्यातली अर्धी मिसळ स्वतःच्या प्लेटीत ओतून घेतली, पहिला घास घेतला आणि त्यांच्या फेट्याखालून घामाची एक धार मिशीत उतरली. "आबाबाबा," ते म्हणाले. "कुनाच्या घरचा कट म्हनायचा ह्यो?"

"गणपतरावांच्या," मी म्हणालो.

"अस्सं," ते म्हणाले, आणि "अस्सं" म्हणतच राहिले.

उरलेली अर्धी तात्यांनी, सगळे बघतायत म्हणून, उभ्याउभ्या खाल्ली. खाल्ल्यावर ते आत गेले आणि शटर ओढून घेतलं. आत गिऱ्हाइकं होती.

घरी येताना माझ्या लक्षात आलं. द्यायला गेलो उणे एक, पण तात्यांना मिळाला उणे अर्धा. म्हणजे उणे अर्ध्याचा गृहपाठ आपोआप झाला आणि उणे एक राहिला. पण दुसऱ्या दिवशी हॉटेलवर ताज्या रंगानं पाटी लागली होती: 'येथे हाफ मिळणार नाही. येथे उणे मिसळ स्वीकारली जाणार नाही.' उणे हे कुणातरी नव्या मिसळवाल्याचं आडनाव आहे अशी बातमी पसरली. गल्लीत दोन तट पडले. तालमीच्या बाजूची पोरं अप्पांना भेटून "काकू हाटेल कधी काडत्यात?" विचारून गेली. अप्पा ऑफिसला जाताना मागच्या बोळातून जायला लागले.

ताई एवढंच म्हणाली, "तुझ्या परीक्षेत माझं काय व्हायलंय ते बघ." कारण पन्हाळ्याहून निरोप आला होता. मामा रविवारी येणार.

अप्पांनी शेवटचा उपाय म्हणून क्लासवर जाऊन सरांनाच घरी आणलं. मी ठार वेडा नसून हा अभ्यासक्रम आहे, असं पाहुण्यांसमोर कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगावं, अशी त्यांची योजना होती. सर "बरं" म्हणाले आणि आले. रविवारी सर सोफ्याच्या टोकाला पोह्यांची बशी घेऊन बसले होते, अंबूमावशी साखर मागायला म्हणून येऊन तासभर बसल्या होत्या, आणि दारातून जयसिंगच्या मागोमाग, थोडे तिरके होत, हॉटेलातले कोपऱ्यातले पावणे आत आले.

"हे हंबीरमामा," जयसिंग म्हणाला.

मी खांबाआड गेलो. आमच्या घरात खांब नाही. मी कपाटाआड गेलो.

"गणपतराव," मामा बसले आणि सोफ्याचं दुसरं टोक वर आलं, त्यावर सरही. "आमची चौकशीची एकच रीत हाय. पोरीच्या घरला न जाता कोपऱ्यावरच्या हाटेलात बसायचं. घरातलं सगळं हाटेलात कळतंय. तर आठवडाभर मी तुमच्या कोपऱ्यावर हाय. आनि मी आजवर एवढा घोळात कधी पडलो न्हाय. तुमचं पोरगं एक दिस हाफ खातंय. एक दिस कायच खाईत न्हाय, नुसतं पानी पिऊन येतो म्हंतंय. तिसऱ्या दिशी हाटेलवाल्यालाच घालतंय! गरिबी म्हनावी तर मिसळ वाटत सुटलंय. सुबत्ता म्हनावी तर हाफ मागतंय. मी काय समजायचं?"

"दोन उत्तरं येतात," माझ्या तोंडून गेलं, "म्हणजे माहिती अपुरी, मामा."

अप्पांनी कपाटाकडं अशा नजरेनं बघितलं की कपाटाला कुलूप असतं तर ते लागलं असतं.

"त्येच म्हंतोय मी," मामा म्हणाले. "म्हनून आता असं करू. जातो, इच्यार करतो, आनि कळव..."

"थांबा," ताई म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला. आमच्याकडं बघण्याच्या कार्यक्रमात मुलीनं बोलायचं वाक्य "चहा घ्या" एवढंच असतं. तेही ती विसरली.

"मामा, तुमचं काय मत हाय?"

मामा गडबडले. त्यांना थेट कुणी विचारत नसावं. "माझं काय? पोरगं व्हय म्हनालं तर माझं व्हय."

"आनि तुमचं?" तिनं जयसिंगला विचारलं.

"मामा हो म्हणाले तर माझं हो," जयसिंग जमिनीला म्हणाला.

अप्पांचा चेहरा उजळला. दोन्हीकडून हो आलं, असं त्यांना वाटलं. आईनं तोंड गोड करायला साखरेच्या डब्यात हातसुद्धा घातला. तेवढ्यात सोफ्याच्या वरच्या टोकावरून सरांनी बशी खाली ठेवली.

"पुरत नाही," सर म्हणाले.

"हे कोन?" मामा.

"मी क्लासचा. बघा, दोघंही हो धरा. दोन्ही विधानं खरी ठरतात. आता दोघंही नाही धरा. तरी दोन्ही विधानं खरीच ठरतात. दोन्ही मिळूनसुद्धा उत्तर निघत नाही. हा पाचवा पर्याय."

खोलीत सगळ्यांनी मनातल्या मनात दोन्ही धरून बघितलं. मामांचे ओठ हलत होते. "आयला," ते शेवटी म्हणाले. "खरंच की. कायच बोललो न्हाय आमी."

"मग आमी हो म्हनतो की," अंबूमावशी म्हणाल्या.

"तुमचं विधान यात धरता येत नाही," सर म्हणाले.

"माझं धरता येतंय का?" ताईनं विचारलं. "लगीन माझं हाय. माझं हो हाय. आनि आता तुमी हो म्हना, न्हायतर न्हाय म्हना. न्हाय म्हनलासा तरी मी रडत बसनार न्हाय. न्हाय हे सुद्धा उत्तर हाय. पन कळवतो म्हनायचं न्हाय. त्या नेसरीवाल्याचं पोरगं बालवाडीत गेलं, आनि आमचे अप्पा अजून पोस्टमनची वाट बघत्यात."

अप्पांनी मान खाली घातली. त्यांच्या धुतलेल्या पायांकडं बघून मला पहिल्यांदाच वाटलं की 'अशी येळ कुनावर येऊ न्हाय' हे मावशी म्हणाल्या ते अगदीच खोटं नव्हतं.

जयसिंगनं मामांकडं बघितलं. ताई म्हणाली, "मामास्नी बघू नका. तुमच्याकडं धुक्यात थांबत्यात, माहीत हाय मला. पन किती थांबायचं त्ये बी ठरवायला लागतंय." आणि जरा विचार करून, "असं करा. कोपऱ्यावर जावा आनि आकारामतात्यांकडं हाफ मिसळ मागा. समद्यांच्या देखत. ज्याला ते जमंल त्याला मामासमोर हो म्हणायला बी जमंल."

जयसिंग उठला. मामा उठले. सोफा खाली आला, सर उठले. मागोमाग अप्पा, आई, अंबूमावशी साखरेच्या वाटीसकट, आणि कपाटाआडून मी. गल्लीला वाटलं की आमच्या हॉटेलचं उद्घाटन आहे, त्यामुळे तीही निघाली. जोतीरामकाका स्कूटरवरचं कापड काढून तिच्यावरून आले. अंतर साठेक पावलांचं होतं.

तात्या पाटीखाली पळी धरून उभे होते.

"काय पायजे?"

"हाफ मिसळ द्या," जयसिंग म्हणाला. आवाज बारीक होता, पण निघाला.

"पाटी वाचली न्हाईसा, पावणं?"

"वाचली. मी कचेरीत हाय. पाट्या आमीच लावतो. तरी द्या." त्यानं मागं वळून ताईकडं बघितलं. "दोन हाफ द्या."

तात्यांनी पळी हवेत धरून हिशोब केला. गल्ली श्वास धरून बघत होती. "दोन हाफ म्हंजे," तात्या हळूहळू म्हणाले, "एकच की रं."

"एकच. एक प्लेट, दोन चमचे."

"मग असं सरळ बोलायचं!" तात्या गरजले. "ह्यात माझ्या बापाची बी हरकत न्हाय!" आणि त्यांनी अशी प्लेट भरली की कट काठावरून बाकावर आला. देताना आईकडं न बघता म्हणाले, "खोबरं भाजलंय आज."

जयसिंगनं एक चमचा ताईला दिला, एक स्वतः घेतला, पहिला घास खाल्ला, आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "मामा, माझं हो हाय. तुमी काय बी म्हना."

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी मिशीवर हात फिरवला, छाती भरून घेतली आणि सवयीनं सुरुवात केली, "आता आमी कळ..."

"मामा," सर शांतपणे म्हणाले, "तुमचं विधान तुम्ही मघाशीच दिलंय. पोरगं हो म्हणालं तर माझं हो."

मामांचं तोंड तसंच उघडं राहिलं. बाजूनं, मागून, वरून, कुठूनही सुटायला जागा नव्हती. "बांधून घातलासा की मला माझ्याच दाव्यानं," ते म्हणाले. "मग व्हय की! व्हय! आनि ह्या मास्तरला बी माझ्याकडनं एक प्लेट लावा." सर "बरं" म्हणाले.

लग्न मार्गशीर्षात झालं. पत्रिकेचं प्रूफ ताईनं स्वतःच तपासलं आणि 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' याच्या खाली 'येणार की नाही ते स्पष्ट सांगावे' अशी ओळ घातली. माझी परीक्षाही झाली. एक्सच्या वर्गाचा प्रश्न आला होता. मी पाचही पावण्यांना बोलावून बसवलं आणि बरोबर उत्तरावर खूण केली. बाकीचे प्रश्न एक्सबद्दल नव्हते.

कॉलेजचं पत्र आलं तेव्हा मामा ताईला माहेरी सोडायला आले होते आणि आईच्या हातची मिसळ खात होते. अप्पांनी चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं. "आपले नाव प्रतीक्षायादीत आहे. जागा उपलब्ध झाल्यास आपणांस कळवण्यात येईल."

अप्पा सवयीनं खूश झाले. म्हणाले, "म्हंजे हातातलं हाय." पत्र त्यांनी घडी घालून नेसरीच्या स्थळाच्या पत्रिकेशेजारी देव्हाऱ्याखाली ठेवलं. मी आणि ताईनं एकमेकांकडं बघितलं.

पण मामांनी चमचा खाली ठेवला होता. त्यांचा चेहरा हळूहळू कटाच्या रंगाचा होत गेला.

"कळवन्यात येईल?" ते म्हणाले. "ही काय भाषा झाली? व्हय म्हन न्हायतर न्हाय म्हन! शिकल्याल्या मानसांनी असं बोलायचं व्हय?" ते उठले, सोफा खाली आला, त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला. "कुठं हाय हे कालेज?"

"पुण्यात," मी म्हणालो.

"बरं," मामा म्हणाले. "त्याच्या कोपऱ्यावर मिसळीचं हाटेल हाय का?"